लाकडी पेटी : चित्रामागील सुतारकाम

कोल्हापूरहून आजऱ्यामार्गे आंबोलीचा घाट उतरले की सावंतवाडी लागते. रंगीत पाट, चौरंग, खेळणी आणि गंजिफाच्या चित्रित पेट्या यांसाठी ही नगरी प्रसिद्ध आहे. दशावतारी गंजिफात १० अवतारांची प्रत्येकी १२, अशी १२० गोल पाने असतात. ती सरकत्या झाकणाच्या लाकडी पेटीत ठेवतात. विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला जाणणारे मोजकेच चितारी उरले होते. त्या वेळी शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी तिला आश्रय दिला आणि पुढे राजवाड्यातच कारागिरांची कार्यशाळा उभी राहिली.

पेटीचे चित्र मन वेधून घेते. मात्र तिचे आयुष्य सुतारकामावर अवलंबून असते. हे काम शिकू इच्छिणाऱ्याने प्रथम लाकडातील ओलावा समजून घ्यावा.

ओलावा आणि आकुंचन

ओल्या लाकडातील ओलावा सुमारे ३० टक्क्यांखाली उतरला की ते आकसू लागते. फळी रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून रचाव्यात व ओलावा सुमारे १२ टक्क्यांवर आल्यावरच कामास घ्याव्यात. सुकलेले लाकूडही पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. कोकणातील दमट हवेत तयार झालेली पेटी घाटमाथ्यावरील कोरड्या उन्हाळ्यात जाते, तेव्हा तिची खरी परीक्षा होते.

बांधणी

चारही बाजूंच्या फळ्यांचे तंतू आडवे ठेवावेत, म्हणजे त्या एकसारख्या फुगतात व आकसतात. कोपरे एकमेकांत अडकणाऱ्या दात्यांनी सांधावेत. तळाची फळी सरस न लावता खाचेत सैल बसवावी. चिकटवलेली फळी आकसताना तडकते. उन्हाळ्यात बसविलेल्या झाकणास रुंदीत थोडी मोकळीक ठेवावी, नाहीतर श्रावणात ते अडकून बसते.

रंग व लाख

अस्तर देऊन लाकडाची छिद्रे बुजवावीत, त्यावर चित्र काढावे व शेवटी लाखेचा थर द्यावा. एकाच बाजूस थर दिल्यास फळी वाकते. यास्तव आतील बाजूही दुर्लक्षू नये. लाख उष्णतेने मऊ होते व पाण्याने पांढुरकी पडते. अशी वस्तू कोरड्या फडक्यानेच पुसावी.

यंत्रनिर्मित व प्लॅस्टिकच्या स्वस्त वस्तूंच्या स्पर्धेत हस्तव्यवसायाचे बळ टिकाऊपणातच आहे. ग्राहकानेही पेटी घेताना चित्राबरोबर सांधे पाहावेत आणि झाकण एकदा सरकवून पाहावे. चांगल्या कामाची अशी पारख होऊ लागली, तर नव्या पिढीतील कारागिरास त्याच्या श्रमांचे योग्य मोल मिळेल.