क्यूच्या पुढे यू नसेल तर?



स्क्रॅबल खेळताना क्यू हे अक्षर आले की अनेकांचे चेहरे उतरतात. क्यूचे १० गुण असतात, पण त्याच्या पुढे यू लागतो. यू मिळाला नाही तर क्यू हातात अडकतो आणि डाव संपल्यावर ते १० गुण वजा होतात. मग “हा खेळ इंग्रजी शाळांतल्या मुलांचा” असे काही जण म्हणू लागतात. तसे मुळीच नाही.

हा खेळ अमेरिकेतील वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी १९३०च्या दशकात तयार केला. कोणते अक्षर किती वेळा येते हे त्यांनी वर्तमानपत्रांत मोजले. म्हणून १०० सोंगट्यांत ई १२ आहेत, क्यू मात्र एकच.

क्यू-यू ही जोडी आली कुठून? जुन्या इंग्रजीत ‘क्वीन’ हा शब्द सी-डब्ल्यूने लिहीत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. पुढे फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी त्या जागी क्यू-यू आणले.

अरबी-फारसीतून आलेल्या शब्दांना मात्र हा नियम लागू नाही. हिंदीत ‘क’खाली नुक्ता देऊन जो घशातला उच्चार दाखवतात, त्यासाठी इंग्रजीत बहुधा क्यू लिहितात. आता हे शब्द पाहा:

काझी : क्यू-ए-डी-आय
फकीर : एफ-ए-क्यू-आय-आर
बुरखा : बी-यू-आर-क्यू-ए
तलाक : टी-ए-एल-ए-क्यू
सूक, म्हणजे अरबी बाजार : एस-यू-क्यू

यांतले बहुतेक शब्द आपण इंदूरच्या बाजारात आणि घरातही ऐकतो. फकीर आणि बुरखा के वापरूनही लिहितात. के हाती असेल तर तेही चालते. इराक, कतार ही विशेषनामे असल्याने चालत नाहीत. लहान शब्दकोशात यांतले काही शब्द सापडणार नाहीत, म्हणून कोणता शब्दकोश मानायचा हे डावापूर्वीच ठरवा.

शब्द शोधण्याची रीत सोपी आहे. वहीत तीन रकाने आखा : क्यू सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. शब्दकोश पहिल्या अक्षराने लावलेला असतो, त्यामुळे पहिला रकाना तासाभरात भरेल. उरलेले दोन वाचता वाचताच भरतात. पाठ केलेली यादी विसरते, पण शब्द कुठून आला हे कळले की स्पेलिंग लक्षात राहते.

पालकांना विनंती, की हा वेळ वाया गेला असे समजू नये. महागडा संच घेण्याचीही गरज नाही. पुठ्ठ्याचे १०० तुकडे कापले तरी पुरे. दोन कोरे ठेवावेत.

स्वाध्याय : झेड असलेले आणि आपल्या ओळखीचे पाच शब्द इंग्रजी शब्दकोशात शोधा. बाजार आणि वजीर हे दोन मी देतो. उरलेले तीन वहीत लिहून वाचनालयाच्या तासाला दाखवा.

– मुख्याध्यापक