मुलांसह सागरप्रवास : पूर्वतयारीचा पाठ

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे या गावापासून अरबी समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. येथील मुलांना पाणी परिचित आहे ते विहिरीचे, पावसाळ्यातील नाल्याच्या पुराचे आणि तालुक्यातील नळगंगा प्रकल्पाच्या जलाशयाचे. समुद्र त्यांना भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकात. महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी सुमारे ७२० किलोमीटर, हे वाक्य त्यांनी पिढ्यान् पिढ्या पाठ केले. परंतु भरतीचे पाणी किती वेगाने चढते, हे त्यांतील फार थोड्यांनी पाहिले असेल.

अलीकडे ही परिस्थिती पालटू लागली आहे. शाळेची सहल गेटवे ऑफ इंडियापर्यंत जाते, घारापुरीची लेणी पाहून येते. सुस्थितीतील शिक्षक, कर्मचारी व शेतकरी कुटुंबे उन्हाळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुटीत गोव्यापर्यंत पोहोचतात, आणि मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या पर्यटन जहाजांची चौकशीही करू लागली आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ ही मुंबई-गोवा पर्यटन नौका सुरू झाली. ती फार काळ टिकली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, कोची व लक्षद्वीपच्या फेऱ्यांसाठी निघाले. एका वेळी हजाराहून अधिक प्रवासी नेणारे असे जहाज म्हणजे तरंगते गावच होय. मुलांसाठी यासारखा अनुभव दुसरा नाही. मात्र समुद्राकाठच्या माणसाला जे उपजत ठाऊक असते, ते आपल्या भागातील पालकाला व शिक्षकाला शिकूनच घ्यावे लागते.

जुनी आगबोट आणि पडाव

मुलांना घेऊन समुद्रमार्गे प्रवास करणे ही मराठी कुटुंबांना नवी गोष्ट नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणारा कोकणी माणूस रेल्वे आणि पक्के रस्ते होण्यापूर्वी बायकामुलांसह बोटीनेच गावी जात असे. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीला पोहोचे. एक दिवस व एक रात्र, असा हा प्रवास. डेकवर सतरंजी पसरून जागा धरावयाची, ट्रंकेला टेकून बसावयाचे आणि मुलांना दोन सतरंज्यांच्या मध्ये निजवावयाचे, अशी रीत होती. ‘कोकणसेवक’ व ‘कोकणशक्ती’ या बोटींची नावे वृद्ध मंडळी अजूनही आपुलकीने घेतात. पुढे ही सेवा बंद पडली. पावसाळ्यात ती तशीही थांबतच असे. खवळलेल्या समुद्राशी स्पर्धा करावयाची नाही, हा त्या काळचा व्यवहार होता.

या प्रवासातील खरा कसोटीचा क्षण बंदरात येई. बहुतेक लहान बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगरून उभी राही व प्रवाशांना पडावातून किनाऱ्यावर नेत. लाटेबरोबर पडाव वर येई आणि खाली जाई. तो वर आलेला असताना खलाशी मुलाला उचलून घेत. आईने मुलाला घेऊन स्वतः उडी मारावयाची नाही, हा दंडक असे. आज हा तपशील केवळ आठवणीचा राहिलेला नाही. लक्षद्वीपच्या बेटांभोवती प्रवाळाचे कडे आणि आत उथळ पाणी असल्याने मोठे जहाज दूरच थांबते व प्रवाशांना लहान नौकेतून बेटावर जावे लागते. तेथेही नियम तोच आहे. दोन्ही हात मोकळे ठेवावेत, पिशवी पाठीवर घ्यावी, आई-वडिलांपैकी एकाने आधी उतरावे, दुसऱ्याने वर थांबावे आणि मूल खलाशाच्या हाती द्यावे. छायाचित्र काढण्यासाठी याच क्षणी भ्रमणध्वनी बाहेर काढण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो टाळावा, एवढे सांगितले तरी पुरे.

बोट का लागते

एस.टी.मध्ये गाडी लागते, तशी समुद्रावर बोट लागते. कारण एकच आहे. आपल्या कानाच्या आतील भागात तोल सांभाळणारे इंद्रिय असते. जहाज हलते तेव्हा ते मेंदूला हालचाल कळविते. पण खोलीत बसलेल्या मुलाच्या डोळ्यांना भिंत स्थिर दिसते. दोन साक्षींचा मेळ बसत नाही, आणि मळमळ सुरू होते. दोन वर्षांखालील बालकांना हा त्रास क्वचितच होतो. त्यानंतर साधारण बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तो अधिक होतो. म्हणजे सहलीला जाणारी बहुतेक मुले नेमकी याच वयाची असतात.

उपायही या कारणातूनच निघतो. डोळ्यांना हालचाल दिसू द्यावी. मुलाला मोकळ्या डेकवर, जहाजाच्या मध्यभागी बसवावे व दूर क्षितिजाकडे पाहावयास सांगावे. पुस्तक किंवा भ्रमणध्वनीचा पडदा हाती देऊन त्याचे मन रमविण्याचा प्रयत्न केल्यास त्रास वाढतो. पोट अगदी रिकामे नसावे, तुडुंब भरलेलेही नसावे. आल्याचा तुकडा व लिंबू यांचा काहींना उपयोग होतो. गोळी द्यावयाची असल्यास ती डॉक्टरांना विचारून, वयाच्या मानाने व बोटीत चढण्यापूर्वी द्यावी. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी बहुधा उलटीबरोबरच बाहेर पडते.

आपल्या भागातून जाणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. मलकापूरहून रात्रीच्या गाडीने सुमारे पाचशे किलोमीटरचा प्रवास करावयाचा, पहाटे मुंबईत उतरावयाचे, चहा-बिस्किटावर वेळ मारून सकाळीच गेटवेवर बोट पकडावयाची, असा सहलींचा कार्यक्रम आखला जातो. एक मुक्काम वाचविण्यासाठी ही घाई असते. झोप न झालेले, उपाशी मूल बोटीत सर्वांत आधी आजारी पडते. पहिला दिवस विश्रांतीस व शहरदर्शनास देऊन बोटीचा प्रवास दुसऱ्या दिवशी ठेवणे खर्चाचे वाटले तरी हिताचे आहे.

उन्हाचाही विचार करावयास हवा. विदर्भातील मूल ४४-४५ अंशांचा उन्हाळा सोसते. मग मुंबई-गोव्याचे ३३-३४ अंश त्याला काय करणार, असे पालकांना वाटते. परंतु कोरड्या हवेत घाम चटकन वाळतो व अंग थंड होते. कूलर चालतो तो याच तत्त्वावर. समुद्राकाठच्या दमट हवेत घाम वाळतच नाही. अंग चिकट राहते, थकवा येतो, आणि मुलाला तहान लागल्याचे कळण्यापूर्वीच त्याच्या शरीरातील पाणी कमी झालेले असते. शिवाय पाण्यावरून परावर्तित झालेले ऊन टोपीखालूनही चेहऱ्यावर येते. तासातासाला पाणी पाजणे आणि भर दुपारी मुलांना सावलीत ठेवणे, हे आपल्याकडच्या सवयीपेक्षा अधिक काटेकोरपणे करावे लागते. मोठ्या जहाजावर शेकडो माणसे एकत्र जेवत असल्याने जुलाब-उलट्यांची साथ लवकर पसरते. तेथे दारोदारी निर्जंतुक द्रव ठेवलेला असला तरी मुलांना जेवणापूर्वी साबणाने हात धुण्यास लावावे. अशा साथीच्या काही विषाणूंवर त्या द्रवाचा फारसा परिणाम होत नाही.

तिथीची पाऊणपट

किनाऱ्यावर उतरल्यावर मुले पाण्याकडे धावतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले डझनाहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी बुडून मृत्युमुखी पडले. ते वयाने मोठे होते, भर दिवसाची वेळ होती.

भरतीची वेळ काढण्याची एक सोपी रीत कोळी व कोकणी समाजात पूर्वापार चालत आलेली आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या सुमारास त्या दिवशी पूर्ण भरती असते, दिवसा एकदा व रात्री एकदा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. दशमीला साडेसात वाजता. वद्य पक्षात प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा सुरू करावी. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी येते. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येतो, म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते. पाऊण तासाचे हे गणित त्यातूनच आलेले आहे. मुंबई व आसपासच्या किनाऱ्यावर ही रीत ढोबळपणे लागू पडते. नेमकी वेळ छापील तक्त्यातून किंवा स्थानिक कोळ्यांकडून पडताळून घ्यावी.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते आणि अष्टमीच्या सुमारास भांगेची, म्हणजे कमी जोराची. उधाणाच्या दिवशी मुंबईजवळ भरती व ओहोटी यांच्या पातळीत साडेचार-पाच मीटरपर्यंत फरक पडतो. दक्षिणेस गोव्याकडे तो पुष्कळ कमी असतो. सपाट किनाऱ्यावर एवढे पाणी चढते तेव्हा ते समोरूनच येते असे नाही. सखल भागांतून ते मागच्या बाजूनेही शिरते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जाता येते आणि भरती आली की वाट पाण्याखाली जाते. सहलीच्या शिक्षकाने परतीची वेळ घड्याळ पाहून नव्हे, तर तिथी पाहून ठरवावी असे हे ठिकाण आहे. पंचांग धामणगावातही घरोघरी असते. चौथी-पाचवीच्या मुलांना पाऊणकी शिकविताना हेच उदाहरण फळ्यावर घातले, तर गणित आणि भूगोल यांचा एकच तास होईल.

जाकिटाचा प्रश्न

१७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ ही बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली होती. दिवस अमावास्येचा, ऐन पावसाळ्याचा. काश्याच्या खडकाजवळ ती उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती. लाटेच्या भयाने प्रवासी एका बाजूला धावले व बोटीचा तोल गेला, असे सांगितले जाते. त्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी, १८ डिसेंबर २०२४ रोजी, गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसली. समुद्र शांत होता. बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती. १५ जणांचा मृत्यू झाला आणि मृतांत लहान मुलेही होती. अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. दुर्घटनेनंतर प्रवाशांना जाकीट घालणे सक्तीचे करण्यात आले.

सक्ती झाली तरी पालकांचे काम संपत नाही. मोठ्या माणसाचे जाकीट लहान मुलाला घातले, तर पाण्यात ते वर सरकते आणि मूल त्यातून खाली निसटते. मुलाला त्याच्या वजनाचे जाकीट हवे, आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा बांधलेला हवा. ते नीट बसले आहे का, हे पाहण्याची रीत सोपी आहे. जाकिटाचे दोन्ही खांदे धरून वर उचलावे. ते हनुवटीपर्यंत किंवा कानापर्यंत गेले, तर ते मोठे आहे. लहान मापाचे जाकीट बोटीवर नसेल, तर त्या बोटीत मुलांना चढवू नये. चाळीस मुलांची सहल धक्क्यावरून परत फिरविणे शिक्षकास अवघड जाते, मुले हिरमुसतात, भरलेले पैसे बुडतात. तरीही हा निर्णय त्याचाच आहे, आणि गावी परतल्यावर ग्रामपंचायत सदस्यांनी व पालकांनी त्यास दोष देऊ नये.

बोटीत चढण्यापूर्वी तिची परवानगी असलेली प्रवासीसंख्या विचारावी. हा आकडा दर्शनी भागी असावा लागतो. तो दिसत नसेल किंवा डोळ्यांदेखत ओलांडला जात असेल, तर पुढची बोट घ्यावी. वरच्या मजल्यावर गर्दी होऊ देऊ नये आणि डॉल्फिन दिसला म्हणून सर्वांनी एका कडेला धावू नये, हे मुलांना आदल्या दिवशीच समजावून सांगावे.

मोठ्या पर्यटन जहाजावर व्यवस्था निराळी असते. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळून ३२ जणांचा बळी गेला. त्या वेळी नव्याने चढलेल्या अनेक प्रवाशांना संकटकाळी कोठे जमावयाचे, हे अद्याप सांगण्यातच आले नव्हते. तेव्हापासून प्रवासी जहाजांवर ही सूचना व सराव सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेण्यात येतो. या सरावाच्या वेळी खोलीत सामान लावीत बसणारी कुटुंबे आढळतात. मुलांना सोबत नेऊन जमावयाची जागा पायी चालून पाहावी. सात आखूड व एक लांब भोंगा, ही संकटाची खूण सात वर्षांचे मूलही पाठ करू शकते. कठड्याजवळ खुर्ची ओढून न देणे आणि तरणतलावाजवळ मुलाला क्षणभरही एकटे न सोडणे, हे ओघाने आलेच.

कागदपत्रांचे काम किरकोळ वाटते. पण तेथेच प्रवास अडतो. देशांतर्गत प्रवासात मुलांचेही ओळखपत्र लागते. लक्षद्वीपसाठी प्रवेशपरवाना घ्यावा लागतो. परदेशी बंदर असेल तर तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पारपत्र लागते. शाळेच्या सहलीसाठी प्रत्येक मुलाचे नाव, वय, वजन, रक्तगट, चालू असलेले औषध आणि पालकाचा दूरध्वनी क्रमांक यांची यादी तीन प्रतींत करावी. एक प्रत मुख्याध्यापकांकडे गावी ठेवावी, एक बोटीतील शिक्षकाजवळ असावी. तिसरी प्रत धक्क्यावर मागे थांबणाऱ्या शिक्षकाकडे द्यावी, आणि त्याने बोट परत येईपर्यंत तेथून हलू नये.