कालवड माजावर येत नाही? आधी टेप आणा

"डॉक्टर, कालवड दीड वर्षाची झाली, माजाचा पत्ता नाही. एखादी भारी मिनरलची बाटली लिहून द्या." दवाखान्यात हे सतत कानावर येतं. बाटली लिहून दिली नाही की मंडळी नाराज होतात. खनिज म्हणजे माज आणायचं औषध, हे डोक्यात इतकं घट्ट बसलंय! अहो, तो रोजचा खुराक आहे. वासरू चारा खायला लागल्यापासून द्यायचा.

मागे एका शेतकरीदादांनी वीस महिन्यांची होल्स्टिन संकरित कालवड आणली. सोबत कॅल्शियमचे रिकामे कॅन, जीवनसत्त्वांच्या इंजेक्शनच्या बाटल्या आणि मोबाईलवर बघून मोड आलेली मटकी चारल्याची हकिगत. मी टेप लावली. छातीचा घेर ५४ इंच. खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी ४२ इंच. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. वजन भरलं १८५ किलो! अशी कालवड अडीचशेच्या आसपास गेल्याशिवाय भरवायचीच नसते. ताटात भाकरी नाही आणि मीठ मात्र दोनदा वाढलं, अशातला प्रकार.

चारा काय, तर उसाचे वाढे आणि कडबा. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं, वाळल्या चाऱ्यात 'अ' जीवनसत्त्व नावालाच. त्यात पोटात जंत. शेण तपासून जंतनाशक दिलं, दीड किलो गोळीपेंड, हिरवा मका, लसूणघास आणि पेंडीत कालवून रोज ३० ग्रॅम खनिज मिश्रण सुरू केलं. पाचेक महिन्यांत माज दिसला. म्हणून घाबरू नका, उपाशी कालवडीचं अंडाशय पोटभर खाल्ल्यावर बहुधा कामाला लागतं. मिश्रण मात्र आयएसआय मार्कचं घ्या. नुसत्या कॅल्शियमच्या कॅनमधून तांबं आणि जस्त मिळत नाही.

माज खरंच नाही की तुम्हाला दिसला नाही, हेही बघा. तो जेमतेम १२ ते १८ तास टिकतो, कधी रात्रीतच सरतो. मुक्या माजाची कालवड हंबरतही नाही. पहाटे आणि रात्री गोठ्यात फेरी मारा, शेपटीला चिकटलेला काचेसारखा सोट शोधा.

सोट गढूळ किंवा पूमिश्रित असेल तर रेतन करू नका, उपचार आधी. कालवड माती खाते, भिंत चाटते, हाडं चघळते? स्फुरदाची कमतरता असू शकते. तीनदा भरवून उलटली तर चौथ्यांदा भरवण्याआधी तपासणी करा. गोऱ्ह्यासोबत जुळी जन्मलेली कालवड बहुतेक वेळा वांझच असते, तिच्यावर बाटल्या रिचवू नका.

आणि मेडिकलमधून परस्पर माजाचं इंजेक्शन आणून टोचणं आधी थांबवा. चरायला सोडलेली कालवड मोकाट वळूकडून गाभण राहिलेली असू शकते. अशा जनावराला ते इंजेक्शन दिलं तर गर्भ पडतो. पशुवैद्यकाकडून गर्भतपासणी झाल्याशिवाय सुई लावू देऊ नका.