उंच डोंगरावर छाती भरून आली तर…

लडाखची वाट आता आपल्या वस्तीतल्या लोकांनाही ओळखीची झाली आहे. कुणी हेमिसचा मठ पाहायला जातं, तरुण मुलं मार्खा खोऱ्यात ट्रेकिंगला जातात. जरूर जा. पण ‘मी कळसूबाई एका दमात चढतो’ हा हिशेब तिथे चालत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर. लेह शहरच सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि मार्खाच्या वाटेवरची कोंगमारू ला ही खिंड ५,००० मीटरहून उंच.

वर हवेचा दाब कमी असतो. लेहमध्ये प्रत्येक श्वासात आपल्याला इथल्या साधारण दोन तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो. म्हणून चढताना धाप लागते, छातीत धडधडतं. थांबल्यावर काही मिनिटांत बरं वाटलं, तर घाबरू नका.

धोका कसा ओळखाल?

१) फुप्फुसात पाणी : हे बहुधा उंचावर पोचल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, बरेचदा रात्री सुरू होतं. बसल्या जागी धाप लागते, छाती आवळते, कोरडा खोकला येतो, आडवं झालं की त्रास वाढतो. पुढे ओठ निळे पडतात, फेसाळ गुलाबी थुंकी येते. धडधाकट तरुणालाही हे होतं.

२) हृदयाचा त्रास : छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. कळ डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाते, घाम फुटतो. बायकांना आणि मधुमेहींना कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसती धाप, मळमळ, थकवा असतो.

काय कराल?

‘गॅस झाला असेल’ म्हणून वेळ घालवू नका. चालणं थांबवा, रुग्णाला टेकवून बसवा, ऊब द्या, ऑक्सिजन असेल तर लावा. फुप्फुसाची लक्षणं असतील तर सकाळची वाट न पाहता खाली न्या. त्याला शक्यतो चालवू नका, ओझं उचलू देऊ नका, एकटं पाठवू नका. हृदयाची शंका असेल आणि अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा कुठे रक्तस्राव नसेल, तर ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्या आणि तातडीने दवाखाना गाठा. लेहमध्ये सोनम नोरबू स्मारक हे सरकारी रुग्णालय आहे.

जाण्याआधी

बीपी, शुगर, हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चालू गोळ्या बंद करू नका. लेहला विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस आराम करा. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत.

भिशीचे पैसे साठवून गेलेला माणूस दुखणं लपवतो. आपल्यामुळे सगळ्यांची सहल बुडेल, असं त्याला वाटतं. म्हणून निघण्याआधीच सगळ्यांनी मिळून ठरवा : त्रास होतोय असं जो सांगेल, त्याला कुणी हसायचं नाही आणि त्याच्यासोबत एक जण खाली उतरेल.