लाव्हीची राखण

जपानी लाव्ही, म्हणजेच बटेर, रात्री फांदीवर बसत नाही. ती जमिनीवरच, कोपऱ्यात इतर पक्ष्यांना चिकटून झोपते आणि दचकली की सरळ वर उडते. घरी पाळलेल्या लाव्हीवर येणारी बरीच संकटे या दोन सवयींतूनच उभी राहतात. गावठी कोंबडी दिवस मावळताच उंच जागा शोधते. दीड-दोनशे ग्रॅम वजनाच्या या पक्ष्याला ती समज नाही. 1974 साली तो भारतात आला. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढल्याने अंड्यांवर बसण्याची वृत्तीही त्याच्यात फारशी उरलेली नाही. त्यामुळे राखणीचा सगळा भार पाळणाऱ्यावर येतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरी, नेवासे, श्रीरामपूर या उसाच्या पट्ट्यात शेतवस्तीवरचा पिंजरा घूस, मुंगूस, रानमांजर आणि धामण यांच्या वाटेवरच असतो. उसाची तोड झाली की आसरा गेलेली जनावरे घराकडे वळतात. त्या दिवसांत जास्त सावध राहावे. पहिला फटका बहुधा जाळीमुळे बसतो. कोंबड्यांसाठी मिळणारी षटकोनी जाळी लाव्हीला आत ठेवते, पण मुंगसाला आणि मांजराला बाहेर ठेवत नाही. जाळीला टेकून झोपलेल्या पक्ष्याचा पाय किंवा मान बाहेरूनच ओढली जाते. सकाळी पिंजरा बंद, कडी जागेवर आणि आत तुटलेला पक्षी, असे दिसले की चूक जाळीची समजावी. अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी घ्यावी आणि खालचा वीतभर भाग पत्र्याने किंवा फळीने झाकावा. पिल्लांच्या पिंजऱ्याला पाव इंचाची जाळी लागते, कारण लहान साप आणि उंदीर अर्ध्या इंचातूनही शिरतात. पिंजरा जमिनीवर ठेवायचा असेल तर जाळी फूटभर खोल पुरावी, नाहीतर घूस खालून पोखरते. नुसती आडवी कडी मांजराच्या पंजाने सरकते. तिला खिट्टी हवीच.

घुशीसाठी विषारी गोळ्या टाकणे पक्ष्यांच्याही जिवावर बेतते. त्याऐवजी सापळा लावावा. कुंपणात वीज सोडणे तर माणसाच्याच जिवावर उठते. साप दिसल्यास मारू नये, सर्पमित्राला बोलवावे.

अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू सात-आठ ग्रॅमचे, जेमतेम अंगठ्याएवढे असते. त्याला मुंग्यासुद्धा खाऊन टाकतात. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की हा धोका टळतो. उथळ भांड्यातही पिल्ले बुडून मरतात, म्हणून पाण्यात खडे किंवा गोट्या टाकाव्यात. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय फाकून ती कायमची लंगडी होतात. तिथे गोणपाट अंथरावे. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे 35 ते 37 अंश ऊब लागते. बल्बवर भिस्त ठेवणाऱ्याला वीज गेल्यावर ऊब कशी द्यायची याची सोय आधीच करावी लागते. बल्ब तुसाला टेकला तर आग लागते. तो साखळीने टांगणेच बरे.

पिंजऱ्याची उंची 25 ते 30 सेंटिमीटर पुरे. त्याहून जास्त असेल तर छताखाली मऊ कापड ताणावे. दिवाळीचे फटाके, वरातीचा डीजे, कुत्र्याचे अचानक भुंकणे यांनी घाबरून पक्षी उसळतात आणि डोके फोडून घेतात. गर्दीतही ते एकमेकांना टोचून जखमी करतात. चौरस फुटाला पाच-सहा पक्ष्यांहून अधिक ठेवू नयेत.

कर्जत, जामखेड, पाथर्डीकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीवर जातो, तेव्हा पत्र्याखालचा पक्षी शिकाऱ्याशिवायच दगावतो. पत्र्यावर उसाचे पाचट पसरावे, उन्हाच्या बाजूला ओले गोणपाट लावावे आणि पाणी सावलीत ठेवून दिवसातून अनेकदा बदलावे. पावसाळ्यात बुरशी आलेला मका खाद्यात वापरू नये. त्यातले विष डोळ्यांना दिसत नाही.

माळरानावरची रानलाव्ही पकडून पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. पाळायची ती जपानी लाव्हीच, खात्रीच्या उबवणी केंद्रातून आणलेली. तिला कोंबड्यांसोबत एकत्र ठेवू नये आणि खाद्यापर्यंत रानपाखरे पोहोचू देऊ नयेत. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला होता. लाव्हीलाही तो होतो. अंगावर जखम नसताना एकाच वेळी अनेक पक्षी मेले, तर ते उकिरड्यावर न फेकता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे.