दारचे कुत्रे आणि डोंगरातला लांडगा

वाचकहो, या सदरात आपण माणसांच्या रोगांविषयी बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. कुत्रा चावलेले रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात. कुत्र्याला लस टोचली आहे का, असे विचारले की बहुधा उत्तर मिळते, "गावातलंच कुत्रं आहे, डॉक्टर. त्याला कसली लस?" या हलगर्जीपणाची किंमत माणसाबरोबर रानातली जनावरेही मोजतात.

गोवर प्रत्येक आईला ठाऊक आहे आणि बुळकांडी जुन्या शेतकऱ्यांना. या दोन्ही रोगांच्या विषाणूंचा भाऊबंद कुत्र्यांत डिस्टेंपर नावाचा रोग घडवतो. ताप येतो, डोळ्यांतून व नाकातून चिकट स्राव वाहतो, खोकला व हगवण लागते. विषाणू मेंदूत शिरला की झटके येतात. माणसाला हा रोग होत नाही. पण लांडगा, कोल्हा, खोकड, बिबट्या, सिंह यांना होतो. खोकल्याचे तुषार, लाळ व लघवी यांतून तो पसरतो. गावचे कुत्रे आणि रानचे जनावर एकाच मढ्यावर आले की एवढी जवळीक त्याला पुरते.

१९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या रानात या रोगाने सुमारे एक हजार सिंह, म्हणजे तिथला जवळजवळ तिसरा हिस्सा, दगावला. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गुजरातेतील गीरच्या दलखाणिया भागात २३ सिंह मेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला तपासणीत त्यांतील काहींमध्ये हाच विषाणू सापडला. सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळावर शास्त्रज्ञांनी रक्त तपासले, तेव्हा बहुसंख्य कुत्र्यांत या विषाणूच्या संसर्गाच्या खुणा आढळल्या आणि काही खोकडांतही आढळल्या.

आपल्या पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. बालाघाटाच्या डोंगरात लांडगे, कोल्हे अजून आहेत, पण थोडे. अशा ठिकाणी एक साथ अख्खा कळप संपवू शकते.

यावर उपाय आहे. बुळकांडी गुरांतून रानातल्या जनावरांतही शिरत असे. २०११ साली ती जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. लस टोचली ती गोठ्यातल्या गुरांना. रानातले मरण त्यामुळेच थांबले. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) पिलू दीड-दोन महिन्यांचे झाले की डिस्टेंपरची लस सुरू करावी. चार महिन्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा द्यावी. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस टोचावी. पुढील डोसांसाठी पशुवैद्यकांचा सल्ला घ्यावा.

२) मेंढरांबरोबर किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या कुत्र्यांना निघण्यापूर्वी लस द्यावी.

३) आजारी कुत्रे डोंगरात सोडू नये. मेलेले कुत्रे उघड्यावर न टाकता खोल पुरावे.

४) लाळ गाळणाऱ्या, झटके येणाऱ्या कुत्र्याला डिस्टेंपर आहे की रेबीज, हे नुसते पाहून ठरवू नये व त्याला हात लावू नये. कुत्रे चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात यावे.

डोंगरातल्या लांडग्याला लस टोचणे आपल्याला जमणार नाही. दारच्या कुत्र्याला टोचणे सहज जमते आणि त्यात आपल्या मुलाबाळांचेही रक्षण आहे.