महाबळेश्वरच्या परसबागेतील हळवा वाटाणा

सोलून खावयाचा ओला वाटाणा घरच्या परसबागेत लवकर तयार व्हावा, अशी प्रत्येक कुटुंबाची इच्छा असते. या इच्छेपोटी पाऊस पुरता ओसरण्यापूर्वीच बी टाकले जाते व ते जमिनीतच कुजून जाते. वास्तविक लवकर येणारा वाटाणा म्हणजे घाईने पेरलेला वाटाणा नव्हे. हळवी जात, योग्य वाफसा आणि थंडीचा अंदाज या तीन गोष्टी साधल्या म्हणजे पीक वेळेवर हाती येते.

जमिनीची तयारी

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,370 मीटर उंचीवर असून येथे वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. या पावसाने जांभ्या दगडापासून झालेल्या तांबड्या मातीतील चुना वाहून जातो. माती आम्लधर्मी बनते, तिच्यातील स्फुरद पिकास सहज मिळत नाही आणि वाटाण्याच्या मुळांवरील गाठीही नीट वाढत नाहीत. यास्तव माती तपासून घ्यावी व शिफारशीइतका चुना पेरणीपूर्वी दोन-तीन आठवडे मिसळावा. पाव गुंठ्यास 40 ते 50 किलो कुजलेले शेणखत व सुमारे एक किलो सुपर फॉस्फेट द्यावे. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून 15 सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे करावेत.

वाफसा कसा ओळखावा

मातीचा गोळा मुठीत दाबून कमरेइतक्या उंचीवरून खाली टाकावा. तो फुटून भुगा झाला तर वाफसा आला असे समजावे. तो चेपून तसाच राहिला तर पेरणी थांबवावी. सर्वसाधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यास अशी स्थिती येते.

बियाणे व पेरणी

अर्केल ही हळवी जात परसबागेस सोयीची आहे. तिच्या शेंगा पेरणीपासून सुमारे 55 ते 60 दिवसांत तोडणीस येऊ लागतात. तिचे बी सुरकुतलेले असते. अशा बियांत साखर अधिक व पिष्ट कमी असल्याने दाणा गोड लागतो. परंतु हे बी पाणी अधिक शोषते आणि गार, ओल्या मातीत गोल बियांपेक्षा लवकर सडते. ग्रेगोर मेंडेल यांनी 1866 साली प्रसिद्ध केलेल्या आनुवंशिकतेच्या प्रयोगांत गोल व सुरकुतलेले बी हाच एक भेद अभ्यासिला होता.

पेरणीपूर्वी वीस बिया ओल्या गोणपाटात ठेवून पाहाव्यात. सोळा किंवा अधिक उगवल्यास बियाणे चांगले समजावे. पाव गुंठ्यास 250 ते 300 ग्रॅम बी पुरते. त्यास गुळाच्या पाण्यातून रायझोबियम जिवाणू-संवर्धन चोळून सावलीत सुकवावे. दोन ओळींत 30 व दोन बियांत 5 ते 7 सेंटिमीटर अंतर ठेवून, तीन-चार सेंटिमीटर खोल पेरावे.

थंडीपासून संरक्षण

वाटाण्याचा पाला हलके दव गोठले तरी तग धरतो. फुले व कोवळ्या शेंगा मात्र करपतात. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या परिसरात काही पहाटे दवबिंदू गोठतात. थंड हवा उताराने खोलगट भागात साचते, म्हणून वाफे तेथे न करता किंचित उंचवट्यावर करावेत. ऑक्टोबरच्या मध्यास पेरलेले पीक नोव्हेंबरअखेर फुलून कडाक्याच्या थंडीपूर्वीच शेंगा धरते.

निगा व तोडणी

रोपांना वाळलेल्या काटक्यांचा आधार द्यावा. फुलोऱ्यात व दाणे भरताना हलके पाणी द्यावे. पानांवर भुरी दिसताच पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणात फवारावे.

शेंग भरलेली पण हिरवीगार असतानाच तोडावी. तोडल्यानंतर दाण्यातील साखरेचे पिष्ट होऊ लागते. म्हणून सकाळी तोडलेला वाटाणा त्याच दिवशी शिजवावा. परसबागेचा खरा लाभ हाच होय.

एक निरोगी ओळ न तोडता बियाण्यासाठी राखावी. वाटाण्यात स्वपरागीभवन होत असल्याने जात बहुधा शुद्ध राहते. शेंगा वेलीवरच वाळू द्याव्यात. शेवटी वेल जमिनीलगत कापून मुळे मातीतच ठेवावीत. त्यांच्या गाठींतील नत्र पुढील भाजीस उपयोगी पडते.

ग्राम कार्यकर्त्यांनी गावातील एका परसबागेत वाफशाची ही परीक्षा सर्वांसमक्ष करून दाखवावी. मूठभर मातीच्या या परीक्षेने पेरणीचे बी वाया जाण्याचे टळेल.